माप आजच्या अंगाचं

‘मापाचं ब्लाउज आणलंय ना?’ शिलाईच्या दुकानात पाऊल टाकल्याबरोबर येणारा हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकीनं ऐकलेला आहे. आपणही पिशवीतून निमूटपणे एक जुनं ब्लाउज काढून देतो. ते कधीचं असतं? कुणाचं स्वतःच्या लग्नातलं, कुणाचं धाकट्या दिराच्या लग्नातलं. त्यावरून नवं बेतलं जातं. पुढच्या वेळी त्या नव्यावरून आणखी नवं. म्हणजे नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल! या सगळ्या व्यवहारात टेप लागत नाही ती फक्त आपल्या अंगाला. मग काखेत काचायला लागलं, हुकं ताणायला लागली की आपण म्हणतो, ‘मीच सुटलेय हो जरा.’ कापड चुकलं असं कुणी म्हणत नाही, अंग चुकलं असंच म्हणतो.

मैत्रिणींनो, मी काही फॅशन डिझायनर नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालेली, घर सांभाळून जमेल तेवढं समाजकार्य करणारी बाई. शिवण आईकडून शिकले आणि पुढे सहा महिन्यांचा कोर्स केला. गेली काही वर्षं पारनेर तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिराच्या खोलीत बचत गटाच्या बायकांचा शिवणवर्ग घेते. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसताना तोंडातून अजून ‘नगर’च येतं.) या वर्गात यंदा एका कॉलेजकन्येनं मोबाइलवरचा फोटो पुढं केला. ‘मॅडम, हा रॅप ड्रेस शिवायचाय.’ पुढचा एक भाग दुसऱ्यावरून जातो आणि कमरेला बंद बांधला की झालं. चेन नाही, हूक नाही, काजं नाहीत. फोटो हातोहात फिरला. कोपऱ्यातल्या एक आजी चष्मा सावरत म्हणाल्या, ‘अगं, हे तर बाळाचं झबलं!’

सगळ्या हसल्या, पण आजींचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

बाळाच्या बंदांच्या झबल्यात हीच तर युक्ती. बाळ दिसामासानं भरतं, तसा बंद जरा सैल बांधायचा. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात, तीही बंदांनी बांधायची. जुना अंगरखा त्याच जातीचा. आणि आपल्या आज्यांची गाठीची चोळी आठवा. बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा खण आणायचा, चोळी शिवायची आणि पुढं दोन टोकांची गाठ मारायची. दिवस गेले, गाठ सैल झाली. बाळंतपण उरकलं, गाठ पुन्हा आवळली. नऊवारीला तर शिवणच नाही. तीच सव्वाआठ मीटर साडी सोळाव्या वर्षी नेसता येते आणि साठाव्या वर्षीही. बाईचं अंग बदलत राहणार, हे या कपड्यांनी आधीच धरून चाललेलं होतं.

तिकडं पाश्चात्त्य देशांतही हा कपडा आधी कष्टाचाच होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत बायका घरकामाला ‘हूवर एप्रन’ घालायच्या. पुढचे दोन्ही पदर एकमेकांवर येणारे. एक मळला की दुसरा वर घ्यायचा! १९४२ साली क्लेअर मॅकार्डेल या डिझायनर बाईंनी घरकामासाठीच ‘पॉपओव्हर’ नावाचा असा पोशाख आणला. आणि १९७४ साली डिआन फॉन फर्स्टेनबर्ग यांच्या रॅप ड्रेसनं धमाल उडवली. ऑफिसला जाणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला आणि दोन वर्षांत दहा लाखांवर नग खपले. मात्र तो होता जर्सीच्या कापडाचा, अंगाबरोबर ताणणाऱ्या. आपण आणणार कापड बाजारातलं सुती, नाहीतर कपाटातली जुनी साडी. सुती कापड ताणत नाही, म्हणून ते बेतताना डोकं जास्त चालवावं लागतं. इथंच माप आलं.

रेडिमेड घेतलं तर हा प्रश्न सुटेल, असं कुणाला वाटेल. पण दुकानातले स्मॉल, मीडियम, लार्ज आले कुठून? अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारनं सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. आपल्याकडं तर परदेशी तक्त्यांवरच बरीच वर्षं काम भागवलं गेलं. म्हणून निफ्ट या संस्थेनं ‘इंडियासाइझ’ हे सर्वेक्षण हाती घेतलं. सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर स्त्री-पुरुषांची मापं यंत्रानं घ्यायची, असा त्याचा आराखडा. फार चांगलं काम आहे. पण तक्ता कितीही चांगला असला तरी ती शेवटी सरासरी, आणि सरासरी बाई कुणाच्याच घरात राहत नाही. आपल्याला आपलं माप हवं.

श्वास सोडा, मग टेप लावा

बायकांचं माप घेणं हे वर्गातलं सगळ्यात अवघड काम आहे. टेप कमरेला लागली रे लागली की पोट आत जातं आणि श्वास अडकतो. ‘दोन इंच कमी लिहा ना ताई, मी उपास धरणारे,’ असंही सांगून झालेलं आहे! म्हणून आम्ही काही नियम केलेत. दार लावायचं. दोघी-दोघींनी एकमेकींचं माप घ्यायचं. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, जिचा आहे तिच्या वहीत लिहायचा. साडीच्या निऱ्यांवरून माप घ्यायचं नाही. आतले कपडे जे रोज घालणार तेच घालायचे. आणि माप घेताना बोलत राहायचं, कारण बोलता बोलता श्वास आपोआप सुटतो.

रॅप ड्रेसला छाती, कंबर, सीट एवढी तीन मापं पुरत नाहीत. छाती दोन ठिकाणी मोजा. एकदा काखेच्या खालून वरच्या बाजूला, एकदा भरलेल्या भागावर. या दोहोंत दोन इंचांपेक्षा जास्त फरक असेल, तर पेपर कटिंग वरच्या छातीच्या मापानं काढायचं आणि पुढच्या भागात जागा वाढवायची. भरल्या छातीच्या मापानं सगळंच मोठं काढलं की खांदे ओघळतात आणि मुंढा खाली येतो. बहुतेक घरगुती ड्रेस इथंच बिघडतात. दुसरं, खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी पुढून आणि मागून वेगवेगळी घ्या. पुढची टेप छातीवरून फिरवत आणायची. ही लांबी कमी पडली तर कमरेची शिवण पुढून वर चढते आणि पाठीमागं बरोबर बसते. मग आपण दिवसभर ड्रेस खाली ओढत राहतो. तिसरं माप बसून घ्यायचं. खुर्चीवर बसलं की सीट आणि मांड्या पसरतात आणि माप सहज दोन-तीन इंच वाढतं. आपण काही दिवसभर उभ्या नसतो!

आधी कागद, मग मांजरपाट

कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळं मोजमाप पाण्यात जातं. ४४ इंची पन्ह्याचं कापड गुडघ्याखालच्या ड्रेसला साडेतीन-चार मीटर लागतं. एका साडीत तो आरामात निघतो.

पेपर कटिंगला वर्तमानपत्र चालतं. हा अंक वाचून झाला की यावरच काढा, आमची हरकत नाही! पण कागदावरून थेट चांगल्या कापडाला कात्री लावू नका. मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीवर वरचा भाग कापा, लांब टाक्यांची कच्ची टीप मारा आणि घालून आरशासमोर उभ्या राहा.

बहुतेकींना पहिली तक्रार दिसते ती गळ्याची. पुढचा तिरपा गळा सुटतो आणि वाकलं की आतलं सगळं दिसतं. मग सेफ्टी पिन लावली जाते. कारण साधं आहे. हा गळा कापडाच्या तिरप्या धाग्यावर येतो आणि तिरपं कापड नुसतं हाताळलं तरी ताणतं. उपाय दोन. मांजरपाट अंगावर असताना गळ्याच्या मध्यावर जेवढं कापड फुगतंय तेवढं चिमटीत धरून टाचणी लावा. अर्धा-पाऊण इंच तरी निघेल. तेवढी चिमटी कागदावरही घ्या आणि तो भाग छातीखालच्या टक्समध्ये वळवा. दुसरं म्हणजे खरं कापड कापल्याबरोबर, बाकी काहीही करण्याआधी, गळ्याच्या काठाला एक साधी टीप मारून टाका. कापलेला भाग खुंटीला टांगून ठेवू नका, स्वतःच्याच वजनानं तो लांबतो.

पुढच्या भागात जागा वाढवायची ती कागद फाडून नव्हे, उघडून. छातीच्या टोकावरून एक उभी आणि काखेकडं जाणारी एक तिरपी रेघ मारायची, कागद चिरायचा आणि कमी पडणाऱ्या मापाच्या निम्म्यानं रुंद करायचा. निम्म्यानं अशासाठी, की कागद एकाच बाजूचा असतो. नेहमी आपण एक बाजू काढतो आणि कापडाची दुहेरी घडी घालून दोन्ही बाजू एकदम कापतो. अंगाच्या दोन्ही बाजू सारख्याच, असं आपण धरून चालतो.

प्रत्येकीच्या बाबतीत ते खरं नसतं.

दोन कागद

आमच्या वर्गातली एक ताई तीन आठवडे मापाला उभीच राहीना. हात चांगला, टीप सरळ, पण ‘मला मापाच्या ब्लाउजावरूनच शिवू द्या,’ एवढंच म्हणायची. एके दिवशी सगळ्या गेल्यावर ती मागं थांबली. दोन वर्षांपूर्वी गाठ निघाली होती, एका बाजूचं ऑपरेशन झालं होतं. घरच्या माणसांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हतं. ब्लाउजात कापडाची घडी ठेवायची, ती हात वर केला की सरकायची. ‘मग मी लग्नाकार्याला जाणंच सोडलं ताई. तिथं वाढायला लागतं, वाकायला लागतं.’

तिच्या परवानगीनं, नावगाव न सांगता हे लिहितेय. भारतीय बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनांचा आहे. म्हणजे प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक मोठ्या गावात अशा ताई असणार. त्यांच्या उपचारांबद्दल डॉक्टर बोलतात, पण घरी आल्यावर घालायचं काय, हे कोण सांगणार? (आणि हे वाचणाऱ्या कुणाला हाताला गाठ लागत असेल, तर कृपा करून ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.)

टेप मी तिच्याच हातात दिली. आरशासमोर गळ्याच्या खळगीतून दोऱ्याला किल्ली बांधून सरळ सोडली. ती झाली मधली रेघ. त्या रेघेपासून डावीकडं किती, उजवीकडं किती, खांद्यापासून कमरेपर्यंत या बाजूनं किती, त्या बाजूनं किती, हे तिनं सांगायचं आणि मी लिहायचं. नुसत्या लांबीत दीड इंचाचा फरक निघाला. मापाच्या ब्लाउजात हा फरक होताच कुठं? ते ऑपरेशनच्या आधीचं! त्या ब्लाउजावरून शिवलेला प्रत्येक कपडा एका बाजूला बोळा होणारच होता.

मग आम्ही दोन कागद काढले, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. कापडाची दुहेरी घडी न घालता दोन्ही भाग सुटे कापले. अस्तराला आतून मऊ सुती खिसा लावला, म्हणजे घडी किंवा पॅड त्यात बसतं आणि सरकत नाही. दंडाचं माप दोन्ही हातांचं घेतलं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, तिथं बाही काचता कामा नये. रॅप ड्रेसची खरी सोय इथं कळली. यात दोन बाजू मुळातच सुट्या असतात, समोरासमोर जुळवायची बटणपट्टी नसते. शिवाय एक पदर दुसऱ्यावरून जातो, त्यामुळं फरक डोळ्यांत भरत नाही. कुठला पदर वर ठेवायचा, हे तिनं आरशासमोर दोन्ही करून बघून ठरवलं. त्या मांजरपाटाच्या कच्च्या अंगात तिनं दोन्ही हात वर केले, खाली घेतले, परत वर केले. बराच वेळ करत राहिली.

भाचीच्या साखरपुड्याला ती तो ड्रेस घालून गेली. पंगतीत वाढलंही.

एसटीची पायरी

आता उरला पदर किती घ्यायचा हा प्रश्न. वारा आला, बसलं, स्कूटीवर मागं बसलं की पुढचा भाग उघडतो म्हणून पुष्कळजणी रॅप ड्रेसला नकोच म्हणतात. कमरेपाशी वरचा पदर समोरच्या बाजूच्या शिवणीपासून तीनेक इंचांपर्यंत पोचला पाहिजे. खाली घेरात दोन्ही भाग किमान आठ-दहा इंच एकमेकांवर हवेत, भरलेल्या अंगाला आणखी जास्त. आतल्या पदराचा बंद बाहेर काढायला बाजूच्या शिवणीत कमरेपाशी दीड इंचाची फट ठेवायची. उजवा पदर वर असेल तर फट उजव्या शिवणीत. बंद तिथून बाहेर काढून पाठीमागून फिरवायचा आणि डाव्या बाजूला गाठ मारायची. छातीपाशी आतून एक टिचबटण लावून टाका, मन निर्धास्त राहतं.

पक्की टीप मारण्याआधी आमच्या वर्गात परीक्षा असते. मांडी घालून बसा. फळीवरचा डबा काढल्यासारखे हात वर करा. केर काढल्यासारखं वाका. लहान मूल कडेवर घ्या, वर्गात एक तरी असतंच. आणि बाहेर जाऊन एसटीच्या पायरीएवढ्या ओट्यावर चढून दाखवा. एवढं करून गळा, पदर आणि कंबर जागेवर राहिली तर पास!

अंगावर पिणारं बाळ असलेल्या एका मुलीनं हा ड्रेस पहिल्यांदा घातला तेव्हा म्हणाली, ‘आता ब्लाउज वर ओढायला नको, ओढणी शोधायला नको.’ चाळिशी ओलांडलेल्या आम्ही, आज थायरॉइड, उद्या पाळी लांबलेली, सकाळी एक माप आणि संध्याकाळी एक, अशांनाही तो मानवतो.

यातून थोडी कमाईही सुरू झाली आहे. वर्गातल्या दोघी-तिघींकडं आता आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बायका येतात, कारण इथं बाईच माप घेते आणि दार लावून घेते. मशीन चालवता येणाऱ्या पुष्कळ असतात, माप घेता येणाऱ्या कमी. केंद्र सरकारच्या २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कामांमध्ये शिंपीकामही धरलं आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत किंवा सेतू केंद्रात चौकशी करायला हरकत नाही.

एक शेवटचं. कापताना बाजूच्या शिवणीत आम्ही एक-एक इंच जास्तीचं कापड सोडतो, पुढं उसवून सैल करता यावं म्हणून. रेडिमेडवाले ते सोडत नाहीत, त्यांना एकेक इंच महाग. शिंपीकामात त्या सोडलेल्या कापडाला ‘माया’ म्हणतात. दर सहा महिन्यांनी स्वतःचं माप नव्यानं घ्या, आकडा कमी-जास्त झाला तरी वहीत तसाच लिहा, आणि कापताना माया सोडायला विसरू नका.